तार विझेपर्यंत

“तार विझेपर्यंत श्वाससुद्धा हळू घ्यायचा,” असं मी युरानीला बजावलं होतं, आणि ती पोरगी खरंच तोंडावर हात धरून बसली होती.

शेवटचा सूर मी सोडला. नायलॉनची तार एकदम मरत नाही. आधी गुणगुणते, मग कुजबुजते, मग नुसता भास उरतो. मी गिटार छातीशी धरून गप्प बसून राहिले. माइक गिटारीपासून वीतभर अंतरावर. समोर संगणकाच्या पडद्यावर लाल खूण चालू. तार पुरती विझल्याशिवाय ती खूण बंद करायची नाही, हा माझा शिरस्ता. नंतर निवांत बसून मागची उरलेली शेपूट मी हातानं कापायची आणि मगच फाइल पाठवायची.

“झालं?” युरानीनं बोटांमधून विचारलं.

“झालं. घे श्वास. नाहीतर इथं पडशील आणि मला तुला उचलावं लागेल.”

ती हसली नाही. स्टूल ओढून माझ्या गुडघ्याशी आली आणि म्हणाली, “दोन्या इंदू, मी उद्या चाललेय.”

‘दोन्या’ म्हणजे तिकडचं ‘बाई’. गाव इटाग्वी, कोलंबियातल्या मेदेयीन शहराला चिकटलेलं. कापड गिरण्यांचं गाव. आमच्या ह्यांना, म्हणजे भूपाल मगदुमांना, तिथल्या गिरणीनं माग दुरुस्त करायला इचलकरंजीहून नेलं होतं. तिथल्या लोकांना भारतीय माणूस म्हणजे ‘इंदू’, आणि माझं नावच इंदू. त्यामुळे गल्लीतल्या म्हाताऱ्यांना बरीच वर्षं वाटायचं की या बाईला आईबापांनी नाव ठेवलंच नाही, नुसता देश ठेवला.

गिटार मी कुणाकडं शिकले नाही. माहेरी ऑर्केस्ट्रात वाजवणारा आतेभाऊ गिटार टाकून दुबईला गेला, ती माझ्याकडं पडून राहिली. रेडिओला कान लावून बोटं सोलवटून घेतली, इतकंच. इटाग्वीत शेजारच्या पोरांच्या गाण्यात एकदा वाजवलं, मग दुसऱ्यांनी बोलावलं, मग मी मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्या आणि माझाच स्टुडिओ झाला. रेगेटॉन म्हणून जे संगीत तिकडं गल्लोगल्ली वाजतं, त्याचा ठेका मला कुणी समजावून द्यायची गरज पडली नाही. धाड-खटक-धाड-खट. पॉवरलूमच्या खाली पाळणा बांधलेल्या बाईला आणखी काय शिकवणार? त्या ठेक्यावर मी गिटार घालायची, गाण्याचा आराखडा बांधून द्यायची. गोधड्या बघून पोरं हसायची आणि आवाज ऐकून गप्प व्हायची.

युरानी चोवीस वर्षांची. आवाज असा, की साधं ‘पाणी दे’ म्हणाली तरी कुणीतरी रडावं. तो आवाज गाण्यांचा धंदा करणाऱ्या डॉन एव्हेलिओच्या मालकीचा होता. ‘डॉन’ म्हणजे आपल्याकडचं ‘साहेब’, ‘राव’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. त्याची ओळख झाल्यावर ते थांबलं.

वाईट बोलायचा नाही माणूस. घरी यायचा तो हातात बुनुएलोंची पुडी घेऊन; चीजचे गरमागरम तळलेले गोळे असतात ते. पाय पुसून आत यायचा. माझ्या ह्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करायचा. युरानीशी त्याचा सात वर्षांचा करार होता, आणि तिचा पासपोर्ट ‘हरवू नये म्हणून’ त्याच्या कपाटात होता. ती राहायची त्याच्याच फ्लॅटमध्ये, खाली त्याचाच ड्रायव्हर. तिच्या आधी एक गायक होता त्याच्याकडं, विल्मार नावाचा. त्यानं दुसरीकडं जायचं मनात आणलं आणि आठवड्याभरात त्याचा जबडा तीन ठिकाणी मोडला. जिन्यावरून पडला म्हणे. जिना कुठला, हे कुणी विचारलं नाही. तो पुन्हा गायला नाही.

“चाललेय म्हणजे कुठं?” मी विचारलं.

“इक्वादोरला. सकाळी सहाची इपियालेसची बस आहे. तिथून सीमा पायी ओलांडता येते, ओळखपत्रावर. पलीकडं माझी मैत्रीण आहे, ती न्यायला येईल. दुपारी बाराशिवाय डॉन मला हाक मारत नाही. तोवर मी डोंगरात असेन.”

“आणि खालचा ड्रायव्हर?”

“आज रात्री चुलतबहिणीकडं झोपणार, असं सांगितलंय. तिच्या बाळाचा वाढदिवस आहे, खरंच आहे. फोन मी फ्लॅटमध्येच विसरणार.” ‘विसरणार’ म्हणताना तिनं डोळा मारायचा प्रयत्न केला, पण तो नुसताच मिटला. “दोन्या, तुम्ही कुणाला बोलू नका. कुणाला तरी सांगितल्याशिवाय निघवेना, म्हणून तुम्हाला सांगितलं.”

माझं मन भरून आलं की मला स्पॅनिश सुचत नाही. तिच्या गालाला हात लावला आणि तोंडातून आपसूक आलं ते आपलंच. “जा बाई, जा. सुखरूप जा.”

“म्हणजे काय?” तिनं विचारलं.

मी उत्तर न देता उठले, गिटार खुंटीला टांगली आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. सकाळी ह्यांच्या डब्यासाठी दशम्या केल्या होत्या, चार उरल्या होत्या. त्यांवर शेंगदाण्याची चटणी घातली आणि निळ्या काठाच्या रुमालात घट्ट बांधल्या. रुमाल इचलकरंजीचा, सासऱ्यांच्या मागावरचा. गाठ माझ्या आईची. सोडायला दात लागतात.

“वीस तासांचा रस्ता आहे. बसमधलं काही खाऊ नकोस,” मी म्हटलं. “आणि मघाचं विचारत होतीस ना? ‘जा’ म्हणजे जा. ‘सुखरूप’ म्हणजे... गेलीस तशी धड पोच. एकही तुकडा कमी न होता.”

“सु-ख-रूप.” तिनं ते तीनदा घोळवलं. गाणाऱ्यांना शब्द लगेच बसतो. “जा बाई, जा,” ती माझ्याच चालीत म्हणाली, आणि मग मात्र हसली.

ती गेली आणि पाचच मिनिटांत फोन वाजला.

“दोन्या, गिटार झाली?” डॉन एव्हेलिओ. “मिक्सिंगवाला माझ्यासमोर बसलाय. आहे तशी पाठवा.”

“थोडं साफ करते आणि—”

“तुमची गिटार साफ करायची काय गरज? पाठवा.”

याच्याशी शक्य तितकं कमी बोलून फोन ठेवावा, एवढंच डोक्यात. मी फाइल पाठवली.

साडेपाचला हे गिरणीतून आले. ह्यांचा एक नेम होता. हातपाय धुवायचे, चहाचा कप घ्यायचा आणि कानाला हेडफोन लावून माझं दिवसभराचं वाजवणं ऐकायचं. कौतुक बिलकुल करायचे नाहीत. माग ऐकावा तसं ऐकायचे: कुठं काय ढिलं आहे. आणि तार विझेपर्यंत, अगदी शेवटपर्यंत ऐकणारा हा जगातला एकच माणूस होता.

मी भात टाकत होते. हे दारात येऊन उभे राहिले. हेडफोन गळ्यात, कप हातात तसाच भरलेला.

“इंदू, तुझ्या गिटारीत कुणी बोलतंय.”

पातेल्यावरचं झाकण माझ्या हातातून फरशीवर पडलं. ते गरगर फिरत बसेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडंच बघत होतो.

सगळं होतं त्यात. सहाची बस, इपियालेस, चुलतबहीण, फोन. मागं माझा एक प्रश्न, ड्रायव्हरबद्दलचा, पण तो पुटपुटल्यासारखा, कळू न कळू असा. शेवटी मात्र, तिच्या गालाशी वाकले तेव्हाचा, माझाच आवाज स्पष्ट, माइकला चिकटून: जा बाई, जा. सुखरूप जा. मग युरानीचं ‘म्हणजे काय?’, स्टूल सरकल्याचा आवाज, आणि गिटार टांगल्यावर फाइल संपत होती. गिटार टांगून वळताना सवयीनं मी लाल खूण बंद केली होती, ती तेव्हाच.

“शेपूट कापली नाहीस?”

“नाही.”

“गेली त्याच्याकडं?”

“गेली.”

हे स्टुलावर बसले. कपातल्या चहावरची साय बोटानं बाजूला केली.

“पोरीला फोन कर.”

“फोन ती फ्लॅटमध्ये सोडून गेलीय. चुलतबहिणीचं घर मला ठाऊक नाही. नावसुद्धा नाही ठाऊक.”

“मग आता गप्प बसायचं.”

“गप्प? अहो, त्यानं ऐकलं तर तिचा जबडा—”

“कोण ऐकतंय? मिक्सिंगवाला गाणं संपेल तिथं कात्री लावणार. गिटारीचं शेपूट ऐकायला त्याला कशाला वेळ असेल? घडीखात्यात काय करायचो आपण? ताग्यात डाग राहिला असला तर तोंड मिटून घडी घालायची. गिऱ्हाइकाला जाऊन ‘इथं डाग आहे’ म्हटलं, की तो अख्खा तागा उलगडतो.”

“तुमचं सगळ्याला एकच औषध. गप्प बसा.”

“पंचवीस वर्षं गुण आलाय त्याला.”

हे आंघोळीला गेले. नळाचं पाणी पडायला लागलं. मी त्या फाइलकडं बघत होते आणि मला दिसत होता तो मिक्सिंगवाला, हेडफोन लावून, बोट उचललेला, थांबलेला. आता ऐकतोय. आता ऐकत असेल. बसून राहणं मला कधीच जमलेलं नाही. शिकवायला कुणी नसतं तेव्हा माणूस हातालाच विचारतो, आणि हात म्हणतो, काहीतरी कर.

मी शेपूट कापून नवी फाइल केली, पाठवली, आणि खाली लिहिलं: ‘डॉन एव्हेलिओ, दुपारच्या फाइलमध्ये गिटार किंचित उतरलेली आहे. मला लाज वाटते. कृपा करून ती न ऐकताच काढून टाका आणि ही वापरा.’

दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘काळजी नसावी, दोन्या. तुमचा हा नेटकेपणाच मला आवडतो.’

केवढी हलकी झाले मी! ह्यांना सांगितलं नाही. भाताला वरून साजूक तूप घातलं.

पहाटे पाचलाच जाग आली. सहा वाजले तेव्हा खिडकीत उभी होते. आता बस हलली असेल. सात वाजले. आता घाट लागला असेल. आठला हे डबा घेऊन निघाले, जाताना म्हणाले, “बघ, काही झालं नाही. डाग घडीत गेला.” नऊला मी स्वतःसाठी दुसऱ्यांदा चहा केला आणि गिटार काढून उगाच एक जुनं गाणं वाजवलं. ती आता डोंगरात असेल, रुमालाची गाठ दातांनी सोडत असेल आणि मला शिव्या घालत असेल, असं मनात आलं आणि मी एकटीच हसले.

दहाला बेल वाजली.

डॉन एव्हेलिओनं पाय पुसले. एका हातात बुनुएलोंची पुडी. दुसऱ्या हातात निळ्या काठाचा रुमाल, गाठ तशीच. त्याच्या मागं युरानी. अंगावर कालचेच कपडे, केस ओले, नीट विंचरलेले. कुणीतरी नुकतेच धुऊन विंचरल्यासारखे. अंगावर कुठं खरचटलेलंसुद्धा नव्हतं. ती माझ्या पायांकडं बघत होती.

“दुसरं कडवं आजच गायचं म्हणतेय ही,” तो म्हणाला. “तुमच्याकडंच. मी म्हटलं, उत्तम. आधी आभार तरी मानू.”

“आभार?” मी म्हटलं.

मागच्या खोलीत येऊन तो स्टुलावर बसला. रुमाल टेबलावर ठेवला, हळूच, अंडी ठेवावीत तसा.

“दोन्या, खरं सांगतो. ती फाइल मी कधीच ऐकली नसती. मिक्सिंगवाल्यानं तर शेवटचा सूर संपला तिथंच कापली होती. गिटार शेवटपर्यंत कोण ऐकतं? पण तुमचा निरोप आला. न ऐकताच काढून टाका. मी स्वतःशी म्हटलं, या बाईंची गिटार सहा वर्षांत कधी उतरली नाही. त्या मला ‘ऐकू नका’ का म्हणतायत?” तो हसला. “मग कळलं. उघड सांगता येत नाही, पोरीचा विश्वास आहे, म्हणून अशा रीतीनं सांगतायत. फार हुशारीनं केलंत. मी हिला गाडीत म्हटलं, दोन्या तुझ्या आईसारखी आहे.”

गोधड्या आवाज खातात.

मी ‘नाही’ म्हणू शकत होते. चूक झाली, शेपूट कापायची राहिली, मी तिला वाचवायला बघत होते, असं म्हणू शकत होते. म्हणजे त्याच्या पळणाऱ्या पाखराला मी वाट दाखवत होते, असंच कबूल करणं झालं असतं ते. आणि साडेपाचला हे गिरणीतून चालत घरी येणार होते. गुडघ्यामुळं हळूहळू, जिना चढत.

“एकच शंका आहे,” त्यानं खिशातून फोन काढला. बटण दाबलं. माझाच आवाज खोलीत आला: जा बाई, जा. सुखरूप जा. “हे तुमच्या भाषेत. याचा अर्थ काय? अख्ख्या खोऱ्यात ही भाषा बोलणारी माणसं दोनच, दुसऱ्याला विचारायला त्याच्या गिरणीत जावं लागलं असतं. म्हटलं, तुम्हालाच विचारू.”

युरानीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

तिला अर्थ माहीत होता. मीच शिकवला होता, आदल्या दिवशी, चार पावलांवरच्या स्वयंपाकघरात. तिनं एक शब्द काढला असता तर माझं सगळं संपलं असतं. तिनं ओठ मिटून घेतले आणि नुसती बघत राहिली. रागानं नाही. मी आता कुठला सूर लावते ते ऐकायला थांबल्यासारखी.

“मी म्हटलं,” माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला, “जाऊ नकोस पोरी, जाऊ नकोस. वाईट होईल.”

“बघ!” एव्हेलिओनं मांडीवर थाप मारली. “काय सांगत होतो मी?” मग तो रुमालाकडं वळला. “आणि हे हिच्या पिशवीत सापडलं. मावशीनं दिलं म्हणते. रात्रभर विचारलं, एकच उत्तर. मावशी.” त्यानं रुमाल माझ्याकडं सरकवला. “खायचं वाया घालवू नये. तुम्ही ठेवा.”

त्याला रुमाल ओळखू आला होता का, हे मी अकरा वर्षं स्वतःला विचारतेय. मला वाटतं, आला होता. मला वाटतं, त्याला माझं उत्तर खरं नको होतं. ते मी तिच्या देखत द्यावं, एवढंच हवं होतं.

युरानी माइकपाशी गेली. हेडफोन लावले. मी ठेका सुरू केला, धाड-खटक-धाड-खट, आणि ती दुसरं कडवं एका दमात गायली. एकदाच. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर गाणं तिनं त्या सकाळी माझ्या खोलीत गायलं, आणि ते संपल्यावर मी लाल खूण तत्क्षणी बंद केली. सूर विझायची वाट बघितली नाही.

निघताना तिकडच्या रीतीप्रमाणे तिनं माझ्या गालाला गाल लावला. मग सरळ उभी राहून, त्याच्या समोर, स्वच्छ आवाजात, माझ्याच चालीत म्हणाली, “जा बाई, जा.”

“शाबास!” एव्हेलिओ हसला. “ऐकून ऐकून पाठ झालं. काय म्हणतात दोन्या? जाऊ नकोस!” त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं जिना उतरून गेली.

आठवड्यानं त्यानं मला एक माइक भेट पाठवला. जर्मन, लाकडी पेटीतला. असा, की शेजारच्या खोलीतलं घड्याळही पकडेल. मी पेटी उघडली नाही. ह्यांना काय घडलं ते मी रुमाल समोर ठेवून सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी गिरणीत राजीनामा देऊन आले. चार महिन्यांत आम्ही इचलकरंजीत होतो.

तीन वर्षं तिची गाणी येत राहिली. आमचं ते गाणं तर इतकं चाललं की इथं शेजारच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा वाजलं. माझ्या गिटारीवर पोरं नाचली. मग गाणी यायची थांबली. तिकडच्या ओळखीच्या वादकांना मी दोनदा लिहिलं. एकानं लिहिलं, ‘माहीत नाही.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘दोन्या, विचारू नका.’

मी अजून वाजवते. मागच्या खोलीत गोधड्याच आहेत, परगावची पोरं गाणी पाठवतात, मी गिटार घालून देते. शेवटचा सूर झाला की लगेच हात पुढं करून लाल खूण बंद करते. पोरं तक्रार करतात, काकू, तुमचे सूर तुटतात. तुटू देत.

ती दुपारची फाइल मात्र मी काढून टाकलेली नाही. वर्षातून एकदा लावते. गाणं संपतं, तार गुणगुणते, कुजबुजते, विझते. ‘झालं?’ ती विचारते. मग बस, मग चुलतबहीण, मग मी: सुखरूप जा. त्याच्यानंतर तिचा आवाज, चोवीस वर्षांचा, अगदी जवळून येतो.

“म्हणजे काय?”

स्टूल सरकतं. पुढं काही नाही.